नखाखालची कातडी वाढते तेव्हा

जुम्म्याच्या दिवशी गुसल करण्याआधी नखे कापायची, ही आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली रीत. आमच्या घरातही ती आहे. एकच नेलकटर घरभर फिरतो आणि शेवटी कुणालाच सापडत नाही. या कामात कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल असे आम्हाला वाटले नव्हते. पण एका जुम्म्याला आमच्या थोरल्या भाभी अंगणात पाठ फिरवून बसल्या होत्या. जवळ जाऊन पाहिले तर दोन बोटांच्या टोकांवर रक्त होते आणि त्या ओढणीच्या पदराने ते टिपत होत्या.

"काही नाही, जिव्हाळी लागली," एवढेच म्हणाल्या.

आम्हीही तेवढ्यावरच समाधान मानले. "नेलकटर फार आत घालता तुम्ही. आणि दिवसभर भांडी, कपडे, मासळी, मग हाताचे असेच होणार," असे शहाणपण शिकवून मोकळे झालो. पुढे भाभींनी नखे कापणेच टाळायला सुरुवात केली. नखे वाढली. घरातल्या वडीलधाऱ्या खालांनी एकदा चारचौघांत टोकले, "चाळीस दिवसांच्या वर नखे ठेवू नयेत, एवढेही ठाऊक नाही का?" भाभी काही बोलल्या नाहीत. त्यांना ते ठाऊक होते. फक्त कापताना जीव जात होता, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. अशा रीतीने दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात आपल्या हातून काय चूक झाली ते इतर घरांना कळावे, म्हणून हा लेख भाभींच्या परवानगीने लिहीत आहोत.

नखाखाली नेमके काय असते?

नख म्हणजे मेलेली, कठीण झालेली कातडीच. ते बोटाच्या मागच्या बाजूला, कातडीच्या घडीखाली तयार होते आणि पुढे सरकत राहते. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण नख नवे यायला सुमारे 6 महिने लागतात. पायाचे नख याहून बरेच सावकाश वाढते, त्याला वर्ष-दीड वर्षही लागते.

नखाचा गुलाबी भाग खालच्या मांसाला चिकटलेला असतो. जिथे तो सुटतो आणि पांढरी कड सुरू होते, तिथे नखाखाली कातडीची एक बारीक पट्टी असते. तिलाच आपण जिव्हाळी म्हणतो. ही पट्टी म्हणजे दाराला लावलेल्या रबरासारखी असते. पाणी, साबण, माती, जंतू यांना ती आत जाऊ देत नाही. तिच्यात नसांचे जाळे दाट असते, म्हणून तिथे काडी टोचली तरी कळ मस्तकात जाते.

काही माणसांत ही पट्टी पुढे सरकते आणि नखाच्या खालच्या बाजूला चिकटून नखाबरोबर वाढत राहते. पांढऱ्या कडेखाली जी मोकळी खाच असायला हवी ती बुजून जाते. मग नख कापताना नेलकटरच्या दोन पात्यांमध्ये जिवंत कातडीही सापडते. दुखते, रक्त येते. वैद्यकशास्त्रात याला 'टेरिजियम इन्व्हर्सम अंग्विस' असे लांबलचक नाव आहे. टेरिजियम म्हणजे पंख, आणि इन्व्हर्सम म्हणजे उलटा. नखाच्या वरून पंखासारखी कातडी पसरण्याचा वेगळा विकार आहे, त्याच्या उलट ही खालून वाढते, म्हणून हे नाव. 1973 साली दोन डॉक्टरांनी याचे वर्णन या नावाने प्रसिद्ध केले.

एकाच घरात दोन कारणे

आमच्या घरी या गोष्टीला तोंड फुटले ते भाभींमुळे नाही, तर त्यांच्या धाकट्या मुलीमुळे. तिचे लग्न ठरले होते. मेहंदीच्या आठवडाभर आधी तिनेही तीच तक्रार केली: नखाखाली मांस वाढले आहे, नख कापले की दुखते. लग्नाची गोष्ट असल्याने दुसऱ्याच दिवशी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. आईला दीड वर्ष आणि मुलीला एक दिवस, हा हिशेब आमच्या लक्षात यायला पुढे बराच वेळ लागला.

डॉक्टरांनी मुलीची बोटे पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जेल पॉलिश लावतेस का? किती दिवसांपासून?"

मुलीने मान खाली घातली. ती दर महिन्याला लावत होती. नमाजची सुट्टी असते त्या दिवसांत लावायचे आणि सुट्टी संपली की वुजूला पाणी नखापर्यंत पोहोचावे म्हणून खरवडून काढायचे, असा तिचा क्रम होता. तिच्या मैत्रिणीही असेच करतात म्हणे. हेतूत खोट नव्हती, पण नखावर दुहेरी मार बसत होता. जेल पॉलिश ही साध्या नेलपॉलिशसारखी नुसती वाळत नाही. तिच्यात ॲक्रिलेट जातीची रसायने असतात, ती अतिनील किरणांच्या दिव्याखाली धरली की घट्ट होतात. या रसायनांनी काहींच्या नखाखालची कातडी चिडते, सुजते आणि नखाला चिकटते. त्यात घाईघाईने खरवडणे, ओढून सोलणे, आधी कानशीने नख घासणे, याने नखाचा वरचा थर निघतो आणि नख पातळ होते. जेल पॉलिश वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये ही उलटी कातडी वाढल्याची नोंद गेल्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. नखे कडक करणारी फॉर्माल्डिहाइडयुक्त द्रव्ये आणि चिकटवलेली खोटी नखे यांनीही असे होऊ शकते.

"हे बंद कर. बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटते," डॉक्टर म्हणाले. आम्ही निश्चिंत झालो. भाभी पुढे सरसावून म्हणाल्या, "आमच्याकडे हे रक्तातच असेल डॉक्टर. मलाही आहे." आणि त्यांनी हात पुढे केले.

डॉक्टरांनी त्यांची बोटे उलटसुलट करून पाहिली. नखांच्या मुळाशी एक छोटे भिंग धरले. मग विचारले, "थंडीत तुमची बोटे पांढरी पडतात का?"

पडत होती. फज्रच्या वुजूला नळाचे गार पाणी हातावर घेतले की बोटे आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकत. भाभींना वाटे, वय झाले. अंगठी घट्ट होऊ लागली होती, त्यांना वाटे, हात जाड झाले. छातीत जळजळ होई, त्याचा दोष त्या मसाल्याला देत.

नख बोलत होते, आम्ही ऐकत नव्हतो

थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या जास्तच आवळणे, या लक्षणाला 'रेनॉड' म्हणतात. अनेकांना ते नुसतेच असते, त्यामागे दुसरा आजार नसतो. पण तिशी ओलांडल्यावर ते नव्याने सुरू झाले, बोटे सुजली, कातडी ताठ होऊ लागली आणि सोबत नखाखाली कातडी चिकटली, तर डॉक्टर 'सिस्टेमिक स्क्लेरोसिस' या आजाराची शंका घेतात. यालाच स्क्लेरोडर्मा असेही म्हणतात. यात शरीराची संरक्षण-यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि कातडी व आतले अवयव कडक होऊ लागतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी जास्त आढळतो. ल्यूपस या त्याच जातीच्या आजारातही नखाखाली अशी कातडी वाढू शकते.

हा आजार हातापुरता राहिला तर माणूस सांभाळून जगतो. पण तो फुप्फुसांत गेला तर धाप लागते, मूत्रपिंडांत गेला तर रक्तदाब एकाएकी भडकतो. म्हणूनच तो लवकर ओळखणे महत्त्वाचे. रक्तातली एएनए तपासणी, नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची पाहणी, फुप्फुसांची क्षमता मोजणे, हृदयाची सोनोग्राफी, लघवी आणि रक्तदाब, असा तपासण्यांचा क्रम असतो. भाभींच्या या सगळ्या तपासण्या झाल्या आणि पुढे संधिवाततज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. त्यांच्या फुप्फुसांवर थोडा परिणाम दिसला. तो दीड वर्षापूर्वी होता की नव्हता, हे आता कुणीच सांगू शकत नाही. हे वाक्य लिहिताना आमचा हात जड होतो.

आणखी काय काय असू शकते?

नखाखाली काही वाढले की ते प्रत्येक वेळी हेच असते असे मुळीच नाही. घरी पाहून एवढे तरी ओळखता येते:

बुरशी: नख पिवळट, जाड, ठिसूळ होते. खाली साचते ती जिवंत कातडी नसते, तर पिठासारखा चुरा असतो. तो काढला तर सहसा रक्त येत नाही. सतत ओल्या हातापायांना आणि मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त.

सोरायसिस: नखाखाली कोंड्यासारखा थर साचतो, नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, तेलाच्या डागासारखा पिवळा-तपकिरी डाग दिसतो. डोक्यात, कोपरांवर खवले आहेत का ते पाहावे. सांधेही दुखत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

चामखीळ: एखाद्या बोटाला, नखाच्या कडेने खरखरीत वाढ. नखे कुरतडणाऱ्या मुलांत ही एका बोटावरून दुसऱ्या बोटावर पसरते. तिच्यामागे विषाणू असतो.

हाडाची वाढ: बहुधा पायाच्या अंगठ्याला, तरुण वयात. दगडासारखी कठीण लागते. एक्स-रेत कळते.

जन्मजात: काही मुलांना हे लहानपणापासूनच असते आणि घराण्यात इतरांनाही असते. भाभींचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता, फक्त त्यांच्या बाबतीत तो चुकला.

साधी सवय: नखे कुरतडणे, कायम खूप लांब नखे ठेवणे, बोटांच्या टोकांवर सतत दाब येणारे काम, यानेही जिव्हाळी थोडी पुढे सरकते. दुखत नसेल, वाढत नसेल तर घाबरायचे कारण नाही.

दोन गोष्टींना मात्र उशीर नको. एकाच बोटाच्या नखाखाली महिनोन्महिने न भरणारी, स्रवणारी किंवा रक्त येणारी वाढ असेल तर तिचा तुकडा काढून तपासावाच लागतो, कारण क्वचित तो कातडीचा कर्करोग असतो. तसेच नखात नवी काळी रेघ उमटून ती रुंद होत असेल, काळेपणा भोवतीच्या कातडीवर उतरत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

उपचार: काय करावे

आधी कारण शोधणे आणि ते दूर करणे, हाच खरा उपचार. तोवर आणि नंतरही घरी पुढील काळजी घ्यावी.

नखे कापण्यापूर्वी हात दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावेत. नख आणि कातडी दोन्ही मऊ पडतात. मग एकदम मुळापर्यंत न कापता पांढरी कड थोडी शिल्लक ठेवून थोडे थोडे कापावे, किंवा बारीक कानशीने एकाच दिशेने घासावे. चाळीस दिवसांची मर्यादा पाळण्यासाठी नख रक्त येईपर्यंत कापायची गरज नाही. दर आठवड्याला थोडेसे घासले तरी नखे आटोक्यात राहतात. भाभी आता असेच करतात.

रात्री इशानंतर, झोपण्यापूर्वी बोटांच्या टोकांना पेट्रोलियम जेली किंवा युरिया असलेले मलम चोळावे. रात्रभर ते मुरते आणि सकाळी हात धुतल्यावर वुजूलाही अडचण येत नाही.

भांडी, कपडे, मासळी साफ करताना रबरी हातमोजे घालावेत, आत सुती मोजे असतील तर उत्तम. हात ओले राहू देऊ नयेत. वुजूनंतर बोटांची टोके कापडाने टिपावीत.

बोटे पांढरी पडणाऱ्यांनी वुजूचे पाणी कोमट करून घ्यावे. थंडीत हात आणि पाय दोन्ही झाकावेत. फ्रीजमधले मटण, मासे काढताना हातमोजे घालावेत. तंबाखू, विडी, मिसरी यांनी रक्तवाहिन्या आणखी आवळतात. आपल्याकडे बायकांच्या मिसरीकडे व्यसन म्हणून पाहिलेच जात नाही, पण बोटांना ती तंबाखूच असते. रेनॉडसाठी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहूनच द्यायच्या असतात.

जेल पॉलिश काढायची असेल तर ती ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून, पुरती सैल झाल्यावर काढावी. सोलू नये, खरवडू नये. आणि एकदा तिने त्रास दिला असेल तर पुन्हा लावूच नये. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या भरणातही या जातीची रसायने वापरली जातात, म्हणून ॲलर्जी असल्यास दंतवैद्याला आधी सांगावे. लग्नात हात सजवायलाच हवेत तर मेहंदी आहेच. मात्र ती हिरव्या पानांची, साधी असावी. झटपट काळी होणाऱ्या कोनात केसांच्या रंगातले रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने हाताला फोड येतात.

काय करू नये

वाढलेली कातडी ब्लेडने, सुईने किंवा दातांनी काढू नये. ती मेलेली नसते. ती कापली की जखम होते, जंतू शिरतात, नखुर्डे होते आणि भरताना कातडी आणखी घट्ट चिकटते. मधुमेह असलेल्यांनी तर हा प्रयोग कधीच करू नये.

मेडिकलच्या दुकानातून 'खाजेची क्रीम' आणून लावू नये. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेले असते. बुरशी असेल तर स्टेरॉइडने ती दबून पसरते, आणि बुरशी नसेल तर त्या औषधाचा उपयोगच नसतो. नखाच्या बुरशीवर पोटात घ्यायच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी साधारण 6 आठवडे आणि पायाच्या नखांसाठी 12 आठवडे घ्याव्या लागतात, आणि यकृताकडे लक्ष ठेवावे लागते. म्हणून आधी नखाचा चुरा तपासून बुरशी आहे याची खात्री करून घ्यावी.

खूप त्रास असेल तर डॉक्टर त्वचा विरळ करणारे मलम देतात, कधी वाढलेली कातडी लेझरने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. पण मूळ कारण तसेच राहिले तर ती पुन्हा येते. आणि स्क्लेरोडर्मासारख्या आजारात मुख्य आजार आटोक्यात आला तरी नखाखालची कातडी सुटेलच असे नाही. ही गोष्ट आधीच समजून घेतली म्हणजे निराशा होत नाही.

शेवटी

मुलीचे लग्न छान झाले. तिच्या हातावर साधी मेहंदी होती. चार-पाच महिन्यांत तिची नखे पूर्ववत झाली. भाभींचे औषध चालू आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी होते. धाप वाढलेली नाही, अल्हम्दुलिल्लाह. नखाखालची कातडी तशीच आहे, पण रक्त येत नाही. फज्रच्या आधी त्यांच्यासाठी पाणी कोमट करण्याचे काम आता घरातल्या मुलांमध्ये वाटून दिले आहे.

आणि त्या खाला? त्यांना खरे कळले तेव्हा त्या भाभींचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग स्वतःच कानशी मागून घेतली आणि म्हणाल्या, "आण इकडे, मी घासून देते." दर जुम्म्याला आता त्याच घासून देतात.

आमची विनंती एवढीच आहे. या जुम्म्याला घरातल्या सर्वांची नखे कापून झाली की आई, सासू, भाभी, फुफी यांचे हात एकदा हातात घ्या. बोटे उजेडात धरून समोरून पाहा. पांढऱ्या कडेखाली खाच दिसते का? कापताना दुखते का? थंडीत बोटे पांढरी पडतात का? अंगठी घट्ट झाली आहे का? हे चार प्रश्न विचारायला चार मिनिटे लागतात. एकाहून जास्त उत्तरे खटकली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तिथे अगदी कमी खर्चात तपासणी होते.

बायका स्वतःचे दुखणे स्वतःहून सांगत नाहीत. "काही नाही, जिव्हाळी लागली," एवढे म्हणून गप्प बसतात. तेवढ्यावर आपण समाधान मानू नये, हे आम्ही दीड वर्ष उशिरा शिकलो.